छत कसं होतं?

माझ्या आईला कुठेही न्या, ती आधी मान वर करून छत बघते. किराणा दुकान असो, बँक असो, नाहीतर दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम असो. शिकागोजवळ शॉमबर्गला माझ्या ऑफिसात एकदा फॅमिली डे होता. माझा मॅनेजर हात पुढे करून उभा, आणि ही बाई वरचे उघडे पाइप न्याहाळतेय. "काय वं, एवढी मोठी कंपनी, छत झाकलं काहून नाही?" तिने मला विचारलं. मॅनेजरला वाटलं, त्याचंच काहीतरी कौतुक चाललंय. त्याने हसून थँक यू म्हटलं.

नागपूरच्या एका शाळेत तिने उभी हयात चित्रकला शिकवली. अजूनही तिच्याबरोबर बाजारात गेलं की भाजीवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत कोणीतरी "मॅडम, ओळखलं का?" म्हणत समोर येतंच. आणि त्या सगळ्यांना तिचं एक वाक्य तोंडपाठ असतं. वर्गात कुणाची उभी रेघ वाकडी गेली की ती म्हणायची, "झाला पिसाचा मनोरा!" मीही त्याच शाळेत, तिच्याच वर्गात होते. घरची म्हणून सूट नव्हतीच, उलट दोन शब्द जास्त. माझ्या चित्रवहीत पिसाचे मनोरे ओळीने उभे असायचे. पुढे मी काँप्युटरकडे वळले त्याचं हेही एक कारण असेल. तो रेघा आपल्या आपण सरळ काढतो.

गेल्या वर्षी नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलंय आणि डाव्याची सुरुवात झालीय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. मी हट्टाने तिला इकडे बोलावलं, इथल्या डॉक्टरला दाखवलं. त्याने तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन आणि जास्त गोड आवाजात. इंजेक्शनं चालू ठेवा, थोडं थोपवता येईल. किती थोपवता येईल, ते काही त्याने सांगितलं नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. आई म्हणाली, "मी रडायचं का तू? आधी ठरव." मग सीटबेल्ट लावला आणि म्हणाली, "तो मनोरा मात्र एकदा पाहून घ्यायला पाहिजे. जन्मभर त्याच्या नावाने पोरांना बोलले, आन् त्याला पाह्यलंच नाही."

बस्स, मला तेवढं पुरे होतं. परत जाताना तिला वाटेत इटली दाखवायची, मीही बरोबर जायचं, तिथून तिला नागपूरच्या विमानात बसवायचं आणि आपण शिकागोला परत यायचं. व्हिसाची कटकट सांगत बसत नाही. नाकी नऊ आले, पण झालं एकदाचं.

खरी अडचण वेगळीच होती. आई देवळात जात नाही. आम्ही बौद्ध, त्यामुळे देवळात न जाण्यात आमच्या घरी नवल काहीच नाही. पण आईची गाडी त्याच्या पुष्कळ पुढे गेलेली. देऊळ, चर्च, मशीद, गुरुद्वारा, कुठेच ती पाय टाकत नाही. विहारात जाते, दीक्षाभूमीवर जाते, तेवढंच. ह्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम देवळाच्या बेसमेंटमधल्या हॉलमध्ये होता. मी म्हटलं, "आई, देऊळ वरच्या मजल्यावर आहे. आपण खाली जाऊन फक्त जेवायचंय."

"इमारत तीच ना?"

झालं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि ही गाडीत हीटर लावून बसली. मंडळातल्या एका काकूंना राहवेना. त्या कोट चढवून तिच्यासाठी गुळपोळी घेऊन बाहेर गेल्या, मागून मी चहा घेऊन गेले. आईने काकूंचे आभार मानले, पोळीचा एक घास घेतला आणि मला विचारलं, "आत छत कसं आहे?"

"छत? मी नाही बघितलं."

"इतका वेळ आत होतीस आन् छत नाही पाह्यलं?" तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

आता अशा बाईला इटलीत नेऊन दाखवायचं काय? त्या देशात रंगवलेलं, कोरलेलं, घडवलेलं जे काही आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त चर्चच्या आत. निघण्याआधी आमची ह्यावरून चांगलीच जुंपली. मी म्हटलं, "ती म्युझियमसारखीच असतात गं. टूरिस्ट लोक तिकीट काढून जातात." ती म्हणाली, "मग म्युझियममध्येच ने ना." मी चिडून बोलून गेले, "डोळे आहेत तोवर बघून घे म्हणतेय मी!" आणि जीभ चावली. ती पोळ्या लाटत होती, तिने लाटणं थांबवलंसुद्धा नाही. "डोळे माझे आहेत," म्हणाली.

पण मी मनात पक्कं धरलं होतं. एकदा तिथे पोचली, एवढी मोठी दारं समोर उघडी दिसली, की जाईलच आत. न जाऊन सांगते कुणाला.

मे महिन्यात आम्ही पिसाला उतरलो. गाव छोटं आहे. स्टेशनपासून मनोऱ्यापर्यंत माणूस रमतगमत चालला तरी अर्ध्या तासात पोचतो, असं हॉटेलातल्या मुलीने सांगितलं. आम्हाला अख्खा दिवस लागला.

सुरुवात झाली ती स्टेशनजवळच. एका चर्चच्या मागे उंच भिंत आहे, आणि ती पूर्ण भिंतभर चित्र. एका अमेरिकन चित्रकाराने काढलेलं आहे म्हणे. जाड काळ्या रेघांची, लाल, पिवळी, हिरवी माणसं एकमेकांत गुंतून नाचतायत, कुणाचा हात कुणाच्या पोटातून आलाय, एका कात्रीची दोन पातीसुद्धा माणसांचीच आहेत. आईने मान तिरकी केली. आताशा तिला काही नीट बघायचं असलं की ती कोंबडीसारखी मान एका बाजूला करते, म्हणजे डोळ्याच्या कडेने दिसतं. तशी ती भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, मग पुन्हा गेली.

"पाह्य, एकही रेघ दोनदा गिरवली नाही," ती म्हणाली. "आन् चर्चच्या बाहेरच्या बाजूला काढलंय. शहाणा माणूस!"

मी मनात म्हटलं, आता बसा दिवसभर भिंती बघत.

मग दुकानांचा लांबलचक रस्ता, आणि त्याच्या शेवटी नदी. नदीच्या काठाला एक पांढरंशुभ्र, चिमुकलं चर्च आहे. इतकं लहान की कुणीतरी मोठ्या चर्चचा नमुना करून तिथे ठेवून दिलाय असं वाटतं. पण त्याच्यावर सुळकेच सुळके, कमानी, कोनाडे, कोनाड्यांत मूर्ती. बोट टेकवायला मोकळी जागा नाही. आई काठावरच्या कठड्यावर बसली, पिशवीतून चित्रवही काढली, पेन्सिलीचं टोक अंगठ्याने तपासलं आणि म्हणाली, "जा, आत पाहून ये. मी इथे बसते. मग मला सांग."

"तूच चल ना!"

"जा वं."

मी गेले. दोन मिनिटांत आले.

"छान आहे."

"छान म्हणजे? काळं का पांढरं?"

"म्हणजे… एक मूर्ती आहे. बाई आणि बाळ. बाकी काही फार नाही."

"बाकी नाही म्हणजे काय? बाहेर एवढा नट्टापट्टा आन् आत काही नाही? खांब किती आहेत? उजेड कुठून येतो? बाई बाळाकडे पाहून राहिली का लोकांकडे?"

मी पुन्हा आत. बाई बाळाकडे बघत होती. बाहेर आले, सांगितलं. "मान किती वाकली आहे? दाखव करून." मी नदीकाठी भर रस्त्यात मान वाकवून, हातात नसलेलं बाळ धरून उभी राहिले. सायकलवरून जाणारा एक म्हातारा माझ्याकडे बघून हसला. आईने पेन्सिल चालवली. मग म्हणाली, "छत?"

कपाळावर हात मारला मी. तिसऱ्यांदा आत गेले.

ह्याच पद्धतीने आमची पदयात्रा सुरू झाली. पुलावरून नदी ओलांडली, कमानींखालच्या रस्त्याने सावलीसावलीत चाललो. जिथे चर्च लागेल तिथे ती पायरीवर, मी आत. ती विचारणार, मी पळणार. बाहेरच्या गोष्टी मात्र ती माझ्याआधी बघायची. एका दाराची दगडी चौकट एकाच बाजूला झिजली होती. तिने त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "इथे कोणीतरी रोज टेकून उभं राहत असेल. उजव्या खांद्याने." आणि मग स्वतः तिथे खांदा टेकवून बघितला.

पुढे एक मोठा चौक लागला. तिथल्या एका राजवाड्यासारख्या इमारतीच्या सगळ्या दर्शनी भागावर चित्रं आहेत, पण रंगवलेली नाहीत, ओरखडलेली. गिलाव्याचा वरचा थर खरवडून खालचा काळपट थर उघडा केलाय, आणि त्यातून वेली, चेहरे, प्राणी निघालेत. आईला हे कळलं तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली. "अगं माय! म्हणजे खोडून चित्र काढलंय!" त्या चौकातच आणखी एक चर्च होतं. "जा," ती म्हणाली.

मी नाही गेले. माझे पाय दुखत होते, भूक लागली होती, आणि डोकं फिरलं होतं. "आई, पुरे आता. मी काय तुझी कुरिअरवाली आहे का? तू इथे बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि मी आतबाहेर करत राहणार. इथे कोण तुला काय विचारणार आहे? दार उघडं आहे. चार पायऱ्या आहेत. चल की!"

तिने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. मग चौकाकडे बघत सांगायला लागली. मी तिची एवढी मोठी मुलगी, पण हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ती नवीन नवीन शिक्षिका होती तेव्हाची गोष्ट. शाळेची सहल घेऊन एका जुन्या देवळात गेली होती. देव बघायला नव्हे, कोरीवकाम काढायला. तिने स्वतः हेडमास्तरांच्या मागे लागून परवानगी मिळवली होती. मुलं कागद-पेन्सिली घेऊन पुढे पळाली, आत गेली. मागून ही दारात पोचली तर तिथे बसलेल्या माणसाने विचारलं, "बाई, आडनाव काय?" तिने सांगितलं. तो म्हणाला, "मुलं बघतील. तुम्ही बाहेर थांबा."

"मग?" मी विचारलं. माझ्या तोंडातली फोड तशीच राहिली होती.

"मग काय? परत फिरले असते मी. पण पोरं आत गेली होती ना. त्यांचं चित्र काहून बुडवू? बसले पायरीवर. एकेक पोरगं काढून आणायचं, दाखवायचं. मी म्हणायचे, हत्तीची सोंड इथे अशी संपत नसेल, परत जाऊन पाहून ये. पुन्हा पळायचं. दिवसभर असंच. काय चित्रं काढली होती त्या पोरांनी! तशी नंतर कधी काढली नाहीत." तिने संत्र्याची सालं रुमालात गुंडाळली. "छत नाही काढता आलं कुणाला. वर पाहून काढायची सवय नव्हती. म्हणून ते काही मला कळलं नाही."

मला इतका राग आला की काय करावं सुचेना. त्या दारातल्या माणसाचा राग, तो मेला असेल तरी राग. आणि आईसाठी जीव तुटला. मी म्हटलं, "पण आई, इथे कुणी आडनाव विचारत नाही. इथल्या लोकांना आपलं आडनाव कळणारसुद्धा नाही."

"म्हणून जायचं?" ती म्हणाली. "विचारलं नाही तर आत जायचं, विचारलं तर बाहेर बसायचं. म्हणजे ठरवणार तेच ना? मी माझं ठरवून ठेवलं आहे. मी जात नाही."

मी उठले आणि त्या चर्चमध्ये गेले. आत भिंतींवर लढायांत जिंकून आणलेले फाटके झेंडे टांगले होते. वर लाकडी छत, सोनेरी, कोरीव, त्यात चित्रं बसवलेली. ह्या वेळी मी घाईने बाहेर आले नाही. मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. बाहेर येऊन तिला चौकटी कशा आहेत, नक्षी कुठे जाड आणि कुठे बारीक आहे, जुन्या सोन्यावर कुठे काळपट छटा चढलीय, सगळं सांगितलं. ती काढत गेली. एकदाही परत पाठवलं नाही तिने मला.

मनोऱ्यापाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हिरवंगार मोठं मैदान, त्यात एका ओळीत तीन पांढऱ्या इमारती: गोल घुमटाची एक, मध्ये मोठं चर्च आणि टोकाला तो मनोरा. आणि मैदानभर माणसं हात वर करून हवेला ढकलत उभी, फोटोत मनोऱ्याला टेकू दिल्यासारखं दिसावं म्हणून. आमच्या मंडळाच्या ग्रुपवरही चार जणांनी बजावलं होतं, 'काकूंचा ढकलतानाचा फोटो पाठव.' आईने साफ नकार दिला. तिने हात लांब करून पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला, मग मान तिरकी करून दुसऱ्याने बघितलं.

"हा तर खरंच वाकडा आहे!" ती म्हणाली. "मला वाटायचं, चित्रात जास्त करून दाखवतात."

पेन्सिल खालून वर सरकवत नेली. मग म्हणाली, "वरचे मजले पाह्य. खालच्यापेक्षा जरा सरळ आहेत. म्हणजे मधेच त्यांच्या लक्षात आलं, वाकडं चाललंय. तरी बांधत राहिले." त्यावर ती स्वतःशीच कितीतरी वेळ हसत होती.

मोठ्या चर्चमध्ये मी एकटी गेले, ते आता आमच्यात न बोलता ठरलं होतं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, सोनेरी चौकटींचं छत, पार समोर सोनेरी भिंतीवर विशाल डोळ्यांचा ख्रिस्त, संगमरवरी व्यासपीठावर माणसांची ही गर्दी कोरलेली. तिच्यासाठी बघता बघता मी स्वतःसाठीही बघायला लागले होते. बाहेर येऊन सांगितलं. तिने एक पान भरलं. पण तिचं लक्ष मधूनमधून गोल इमारतीकडे जात होतं.

"त्याच्या घुमटाचे रंग दोन आहेत," ती म्हणाली. "एकीकडे लाल कौलं, एकीकडे करडा पत्रा. का गं? आन् ते आतून पोकळ आहे का भरीव?"

नागपूरची बाई घुमटाबद्दल हाच प्रश्न विचारणार. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, आणि पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती हे घरचं काहीतरी दाखवावं तसं सांगते. मी फोनवर वाचून दाखवायला लागले. "पोकळ आहे. ही बाप्तिस्म्याची इमारत. म्हणजे इथे पाणी घालून लोकांना ख्रिश्चन करायचे. आधीच्या काळी ज्याचा बाप्तिस्मा झाला नाही त्याला मोठ्या चर्चमध्ये घेत नसत. त्याने आधी इथे यायचं. म्हणून ही वेगळी बांधलीय, चर्चच्या बाहेर."

"थांब. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे ज्याला आत घेत नाहीत, त्याच्यासाठी बांधली ही?"

"हो, तसंच."

"एवढी मोठी?"

"एवढी मोठी."

ती चित्रवही मिटून उभी राहिली. "आन् इथून बाहेर पडला की माणूस नव्या धर्मात. मग ही तर त्यांची दीक्षाभूमी झाली की गं." तिने चित्रवही आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "तिकीट आहे का ह्याचं?"

मी माझ्या एकटीसाठी काढलं होतं. ते पुढे केलं आणि म्हटलं, "थांब, मी माझ्यासाठी दुसरं घेऊन येते. दोघी जाऊ."

"नाही. तू इथे बस. मी आत जाऊन येते. तुला सांगते काय आहे ते."

मी तिकीट तिच्या हातात दिलं. ती दाराशी गेली, वाकली, आणि शॉमबर्गला घेतलेले चालायचे बूट काढायला लागली. दारावरच्या माणसाने "सिन्योरा, नो, नो" म्हणत हात हलवले. आईने त्याला मराठीत सांगितलं, "राहू द्या, आम्ही असंच जातो." त्याने माझ्याकडे बघितलं, मी हात जोडले. त्याने खांदे उडवले. आईने बूट माझ्या हातात दिले आणि मोज्यांवर आत गेली.

मी पायरीवर बसले. मांडीवर चित्रवही, शेजारी बूट. आधी मला हसू येत होतं, कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटत होतं. मग माणसं बाहेर यायला लागली, दुसरी आत गेली, आणि आई येईना. तिला एका डोळ्याने नीट दिसत नाही, इटालियन येत नाही, आत अंधार असला तर? मी उठून दारातून डोकावले. उन्हातून आत फक्त काळं दिसलं. दारावरच्या माणसाने तिकीट मागितलं. माझ्याकडे नव्हतं. त्याने अगदी सभ्यपणे हात करून मला बाजूला उभं राहायला सांगितलं.

काही विशेष नव्हतं त्यात. तिकीट नाही म्हणून बाजूला हो, एवढंच. पण मी परत पायरीवर बसले आणि आईचे बूट जवळ ओढून घेतले. आपलं माणूस आत आहे, आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि आपण पायरीवर. एक अख्खा दिवस. पोरांची चित्रं तपासत.

तेवढ्यात आतून गाणं ऐकू आलं. गाणंसुद्धा नव्हे, नुसते लांब सूर. एक संपायच्या आत दुसरा, मग तिसरा, आणि मग सगळे एकदमच. मला वाटलं, आत पाच-सहा जण गातायत. मग सगळं शांत झालं. मग आई बाहेर आली.

तिचे डोळे ओले होते, आणि चेहरा पेपर सोपा गेलेल्या मुलीचा असतो तसा. "बूट दे. बस. काढ."

"मी? आई, मला येत नाही."

"मला तरी कुठे येत होतं. काढ. मधे टाकं आहे दगडाचं, त्यात माणूस उभा राहील एवढं. त्याच्या बाजू मोजल्या मी, भोवती फिरत फिरत. मधलं दिसत नाही ना मला, म्हणून. आठ आहेत. म्हटलं, वा! आपल्या मार्गाचीही आठच अंगं. भोवती गोल खांब. उंच. काढ."

मी खांब काढले. पहिलाच डावीकडे झुकला. सवयीने मी खोडायला गेले, तर ती म्हणाली, "असू दे. ह्या गावात चालतं."

मी हसले आणि मग मला जाणवलं, ती माझ्याकडे बघतेय, वाट बघतेय. मी विचारलं, "छत कसं होतं?"

"रिकामं," ती म्हणाली. "वर निमुळतं होत जातं, आन् त्यावर काहीच नाही. ह्या लोकांनी सगळीकडे इंचइंच भरून ठेवलंय, पण हे छत तसंच सोडलं. मी म्हटलं, पैसे संपले का काय. मग तो दारावरचा माणूस आत आला, सगळ्यांना चूप केलं आन् एकटाच गायला. एकटाच बरं का! त्याचाच आवाज वरून परत यायचा आन् त्याच्यातच तो पुढचा सूर लावायचा. तेव्हा कळलं, आवाजाला जागा ठेवली आहे." ती थांबली. "नंतर मी खोकलले तर वर कोणीतरी फार मोठी बाई खोकलली."

"एवढंच?"

"मग एक प्रदक्षिणा घातली, वंदना म्हटली मनातल्या मनात, आन् आले. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी निघाले नसते." तिने बुटांच्या नाड्या बांधल्या. "जा आता, तू पाहून ये. खिडकी अजून उघडी आहे तिकिटाची."

मी नाही म्हटलं. ती दोनदा म्हणाली, मी दोनदा नाही म्हटलं. पाय दुखतायत असं सांगितलं. खरं म्हणजे मला जायचंच नव्हतं. आमच्या दोघींत एकदा तरी बाहेर थांबणारी मी असायला हवी होते.

ह्या दिवाळीत मंडळाचा फराळ पुन्हा त्याच देवळाच्या बेसमेंटमध्ये होता. आई आता नागपुरात आहे. डाव्या डोळ्याचंही मधलं बरंच पुसट झालंय, फोनवर ती माझा चेहरा कडेने बघते. मी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या वर बघितलं. पांढरे चौकोन, एका कोपऱ्यात पाणी मुरल्याचा तपकिरी डाग. रात्री तिला सांगायचं होतं.

गुळपोळीवाल्या काकू उन्हाळ्यात पिसाला जाऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, आमचा मनोऱ्यातच वेळ गेला. ती गोल इमारत राहिलीच. तुम्ही पाहिलीत ना? कशी आहे आतून?"

मी सांगितलं. आठ बाजूंचं टाकं, भोवतीचे उंच खांब, निमुळतं होत जाणारं कोरं छत, एकाच माणसाच्या गळ्यातून निघून वरून परत येणारे सूर. उजेड कसा उतरतो, खोकला कसा मोठा होतो. काकू हातातली चकली धरून ऐकत राहिल्या.

"बाई गं, डोळ्यांसमोर उभं केलंस!" त्या म्हणाल्या. "बराच वेळ होतीस वाटतं आत."

"मी नव्हते गेले, काकू," मी म्हटलं. "मी बाहेर बूट सांभाळत बसले होते. आत आई गेली होती."